साजाची पेटी आणि तिचे चार कोपरे

आईचा कोल्हापुरी साज कित्येक वर्षे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्यासाठी 10 बाय 8 इंचांची, 3 इंच उंचीची सागवानी पेटी करून घ्यावी म्हणून मी उद्यमनगरच्या वाटेवरील एका लहान सुतारशाळेत गेलो. लाकूड आणि माप पाच मिनिटांत ठरले; कोपऱ्याचा सांधा ठरवायला मात्र दोन फेऱ्या झाल्या.

तेथे गिऱ्हाइकाला चित्रे दाखवत नाहीत. मिस्त्रींनी चार तयार कोपरेच हातात दिले: कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत बसवलेला डव्हटेल, बोटांत बोटे अडकवावीत तसा फिंगर जॉइंट, लाकडी खुंट्या मारलेला साधा सांधा, आणि 45 अंशांत कापलेला मायटर, ज्याच्या धारेवर शिसवाच्या काळ्या पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या. माझा कल डव्हटेलकडे होता. नमुन्यातील शेपट्यांचा उतार आठास एक, म्हणजे सागवानासारख्या लाकडाला शोभेल असा होता (मऊ लाकडात तो सहास एक धरतात), आणि पटाशीचे काम असे की सांध्यात नखही शिरत नव्हते.

"साहेब, शेपट्या मागनं मोजू, आधी तळ कुठं लपवायचा ते बोला," असे मिस्त्री म्हणाले, आणि पुढची सगळी चर्चा त्या एका वाक्यावरच झाली. तळाची फळी चारही बाजूंच्या आतील खाचेत बसते. डव्हटेल असो वा फिंगर जॉइंट, ही खाच फळीच्या टोकापर्यंत सरळ नेली, तर कोपऱ्यावर चौकोनी भोक दिसते. ते टाळायचे तर खाच अलीकडे थांबवावी लागते किंवा भोकात तुकडा बसवावा लागतो. मायटरमध्ये मात्र खाच टोकापर्यंत गेली तरी सांध्यातच झाकली जाते. झाकणाचेही तसेच. पेटी सर्व बाजूंनी बंद चिकटवून मग करवतीने झाकण वेगळे केले, तर रेषा जुळून येतात; पण फिंगर जॉइंटमध्ये करवत जेवढे लाकूड खाते तेवढे कापाच्या जागेचे बोट आधीच रुंद ठेवावे लागते. मी नमते घेऊन मायटर ठरवला. खुंट्यांचा सांधा मजबूत होता, पण साजाच्या पेटीपेक्षा तो स्टुलालाच अधिक शोभला असता.

मायटर नुसता चिकटवला तर कच्चाच राहतो, कारण लाकडाची कापलेली टोके डिंक पिऊन टाकतात. खरा जोर शिसवाच्या पट्ट्यांचा असतो. त्यांचे तंतू कोपऱ्याला आडवे जात असल्यामुळे दोन्ही बाजू बांधल्या जातात. हे काम मी समोर बसून पाहिले. चार सुती फळीत एक सूत (इंचाचा आठवा भाग) रुंदीची तिरकी खाच पाडली होती, आणि पट्टी बोटाच्या दाबाने सरकेपर्यंत मिस्त्री तिच्यावर रंधा फिरवत होते. ठोकून बसणारी पट्टी फेविकॉलमधील पाण्याने फुगते आणि अर्ध्यातच अडकते. सागवानाला अंगचे तेल असल्याने चिकटवण्यापूर्वी त्यांनी सांधे थिनरने पुसून घेतले. वाळल्यावर बाहेर आलेले टोक तासताना पटाशी नेहमी कोपऱ्याकडून आत चालवली, कारण उलट दिशेने कोपऱ्यावरचा शिसवाचा तंतू उचकटतो.

आता तक्रार. प्रत्येक कोपऱ्यावर तीन पट्ट्या आहेत. त्यांतील मागच्या उजव्या कोपऱ्यावरची मधली पट्टी इतरांपेक्षा एक सूत खाली आहे. एका कोपऱ्याची आखणी तळाकडून आणि उरलेल्या तिन्हींची झाकणाकडून केल्यामुळे हे घडले, असे त्यांनी स्वतःच कबूल केले आणि दुरुस्तीची तयारीही दाखवली. पण जुनी पट्टी काढायची तर खाच रुंद होणार आणि ती एकच रेष जाड दिसणार, म्हणून मी नको म्हटले. अशा कामात चारही कोपऱ्यांचे माप एकाच कडेपासून घेतले जाते की नाही, हे गिऱ्हाइकाने आखणीच्या दिवशीच जाऊन पाहावे.

दहा दिवसांचे काम तीन आठवड्यांवर गेले. लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते, त्यामुळे पावसाच्या झडीत त्यांनी ते लावले नाही, हे मला पटले. निदान तसा फोन तरी यायला हवा होता. जुलै-ऑगस्टमध्ये काम टाकणाऱ्याने पॉलिशचे दिवस वेगळे धरूनच तारीख मागावी.