हूव्हरची एसईसी बेसबॉल टूर्नामेंट: दोनदा जाऊन आल्यावर लिहितोय

एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांची संघटना, आणि तिच्या कॉलेज टीमांची ही टूर्नामेंट अलाबामातल्या हूव्हर गावात होते. अटलांटाहून हूव्हर म्हणजे गाडीने अडीच तासांच्या आसपास, आणि अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे सकाळी निघालो तरी पहिल्या मॅचला आरामात पोचतो. 2023 ला पहिल्यांदा गेलो होतो, 2025 ला भाच्याला घेऊन गेलो. तो इथे कॉलेजला आहे पण बेसबॉल कधी बसून पाहिलेला नाही. दोन वर्षांत फॉरमॅट पार बदललाय, म्हणून दोन्ही अनुभव एकत्र लिहितो, कुणी पुढच्या मे महिन्यात जायचा विचार करत असेल तर उपयोगी पडेल.

आधी जागेबद्दल. हूव्हर मेट हे 1988 चं स्टेडियम, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, साधारण दहा हजारांवर लोक बसतात. आधी इथे बर्मिंगहॅम बॅरन्स (मायनर लीगची, म्हणजे दुय्यम व्यावसायिक लीगची टीम) खेळायचे आणि 1994 मध्ये मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला आला तो इथेच, भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. मैदान कुठूनही नीट दिसतं, मागच्या रांगेतूनही पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) हात दिसतो, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण टीव्हीवर बॉल वळतो ते कळतं पण बॅटर किती उशिरा हलतो ते इथेच कळतं. बॅग पारदर्शकच लागते, मे संपताना ऊन कडक असतं, टोपी न्याच. तिकीट मी दोन्ही वेळा आधीच काढून ठेवलं होतं. 2023 ला मात्र एका रीसेल ॲपवरून घेतलेलं एक तिकीट गेटवर स्कॅनच झालं नाही आणि दुसरं काढावं लागलं, तेव्हापासून मी अधिकृत साइटवरूनच घेतो.

आता खरी गोष्ट. भाच्याने बसल्या बसल्या विचारलं, "मामा, हे जिंकलं की चॅम्पियन ना?" तर नाही, आणि ह्यातच सगळी मजा आहे. एसईसीत चॅम्पियन दोन प्रकारचे. एक रेग्युलर सीझनचा, दहा वीकएंड, दर वीकएंडला तीन मॅच, अशा तीस मॅचचा हिशोब, आणि ही परंपरा 1933 पासूनची. दुसरा ह्या टूर्नामेंटचा, ती 1977 ला सुरू झाली आणि पहिली ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाने) जिंकली. आणि ह्या दोन्हींच्या वर ओमाहा, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज, तिथे सगळ्या देशाचा चॅम्पियन ठरतो. हूव्हरला टूर्नामेंट 1990 ला आली, मग 1996 ला, आणि 1998 पासून ती इथेच आहे, फक्त 2020 ला कोविडमुळे झालीच नाही. 1990 ला पावसाने खेळू दिलं नाही म्हणून एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि मिसिसिपी स्टेट दोघांना मिळून किताब दिला होता. एलएसयूचे ह्या टूर्नामेंटचे किताब 12 झालेत, सगळ्यांत जास्त, त्यातले 2008, 2009, 2010 सलग. अलाबामाचे 7.

पण इथला किताब आणि ओमाहाचा किताब ह्यांचं आपसात काही जमत नाही! मिसिसिपी स्टेट 2021 ला इथे दोन मॅच खेळली, 13-1 आणि 12-2 ने मार खाऊन घरी गेली, आणि पुढच्याच महिन्यात ओमाहात देशाची चॅम्पियन झाली, विद्यापीठाच्या इतिहासातली कुठल्याही सांघिक खेळातली पहिली राष्ट्रीय चॅम्पियनशिप. 2022 ला ओल मिस पहिल्याच मॅचला बाहेर, आणि तेही ओमाहा जिंकले. त्याच वर्षी टेनेसीने रेग्युलर सीझन आणि हूव्हर दोन्ही घेतलं, देशात एक नंबर, 57 जिंकल्या फक्त 9 हरल्या, आणि ओमाहाला पोचलेच नाहीत, नोट्रे डेमने त्यांना टेनेसीच्याच मैदानावर हरवलं. टेनेसीच्या लोकांना त्याचं आजही दुखतं आणि ते दुखणं मला समजतं. 2024 ला मात्र त्यांनी तिन्ही घेतले (रेग्युलर सीझन केंटकीबरोबर वाटून), एलएसयूने 2009 ला घेतले होते तसेच.

फॉरमॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 2023 ला बारा टीम होत्या आणि पहिला दिवस सोडला तर मधले दिवस दोनदा हरल्याशिवाय बाहेर जायचं नाही असा नियम होता. सकाळी हरलेली टीम दुसऱ्या दिवशी थकलेल्या पिचरांना घेऊन परत उभी राहायची, कोच चौथ्या-पाचव्या पिचरला बॉल द्यायचा, आणि ज्या पोराचं नाव कुणाला माहीत नसायचं तो सहा इनिंग ओढायचा. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत आल्यावर 2025 पासून सोळा टीम झाल्या आणि एक हरलात की घरी. पहिल्या चार टीमना तर गुरुवार-शुक्रवारपर्यंत खेळावंच लागत नाही. मॅच धारदार झाल्या हे खरं, प्रत्येक बॉलला जीव मुठीत, फायनलला व्हँडरबिल्टने ओल मिसला 3-2 ने हरवलं तेव्हा आम्ही दोघं शेवटच्या इनिंगभर उभेच होतो. तरी मला जुनंच आवडतं. मे महिन्यातल्या टूर्नामेंटमध्ये पोरांना दुसरी संधी असायला हवी, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला त्याची टीम एकदाच पाहायला मिळावी हे बरोबर नाही.

शनिवारच्या सेमीफायनलला आमच्या पुढच्या रांगेत जांभळ्या टोपीतले एक आजोबा होते, एलएसयूवाले, मांडीवर स्कोअरबुक आणि हातात अगदी बोटभर उरलेली पेन्सिल. बॅटर बघत राहून आउट झाला की ते K (तीन स्ट्राइक होऊन आउट झाल्याची खूण) उलटा काढायचे, बॅट फिरवून आउट झाला तर सुलटा, भाच्याने विचारलं तर त्यांनी वही मागे वळवून नीट समजावलं. ते 1996 ला ओमाहात होते म्हणे, एलएसयू मायामीकडून एका रनने मागे, नववी इनिंग, दोन आउट, आणि हाताच्या ऑपरेशनमुळे अर्धा सीझन बाहेर बसलेला वॉरन मॉरिस, पहिल्याच बॉलला होम रन, त्याचा त्या सीझनमधला पहिला, 9-8. हे सांगताना त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती. त्या दिवशी मात्र ओल मिसने एलएसयूला 2-0 ने हरवलं, आणि त्यांच्या वहीत एलएसयूच्या ओळीत एकापुढे एक नऊ शून्यं, सगळी सारख्या आकाराची, शेवटचंसुद्धा. भाचा त्यांना "सॉरी" म्हणाला तर म्हणाले, जूनमध्ये बघ.

जूनमध्ये एलएसयूने कोस्टल कॅरोलायनाला हरवून आठवा राष्ट्रीय किताब घेतला. शेवटचा आउट झाला आणि भाच्याचा हॉस्टेलवरून फोन, "मामा, त्या आजोबांनी आज पण लिहिलं असेल ना?"

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फॉरमॅटचा कापला. पुढच्या वेळी वही आम्हीही नेणार आहोत, भाच्याने घेऊनसुद्धा ठेवलीये.