एसबीपी (मागे राहिलेल्या जोडीदाराला पेन्शन देणारी योजना) घ्यायचं की व्हीजीएलआय (माजी सैनिकांचा आयुर्विमा)?
अमेरिकन आर्मीतून रिटायर होताना हा घोळ ठरलेलाच. एसबीपीत तुमच्या मागे बायकोला, पेन्शनपैकी तुम्ही ठरवलेल्या रकमेच्या 55 टक्के दरमहा मिळतात, तेही ती आहे तोपर्यंत, महागाईप्रमाणे वाढतात पण, फक्त वयाच्या 55 च्या आधी तिनं दुसरं लग्न केलं तर थांबतात, आणि या पैशांवर टॅक्स लागतो. हप्ता त्याच ठरवलेल्या रकमेच्या 6.5 टक्के, पेन्शनमधूनच कापतात. व्हीजीएलआय म्हणजे एकरकमी, जास्तीत जास्त 5 लाख डॉलर, पण दर 5 वर्षांनी हप्ता चढतो, सत्तरीत तर बघवत नाही! नोकरी सोडल्यावर 240 दिवसांत अर्ज केला तर तब्येतीचं काही विचारत नाहीत, शुगरवाल्यांनो ही तारीख लिहून ठेवा. बायको वयानं बरीच लहान असेल तर मी डोळे झाकून एसबीपी म्हणेन. नको असेल तर तिची लेखी संमती लागते, गुपचूप नाही जमत हां.