जुना 3518 ट्रेलर दुरुस्त करून उभा केला, आठ महिने चालवला: पैसे नेमके कुठे गेले

3518 मॉडेलचा घोडा, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, आणि 40 फुटी ट्रेलर, दोन्ही 2012चे, साडेसात लाखांना घेतले. सोलापूर 2010 सालीच बीएस-4 (गाडीच्या धुराचा कडक नियम) लागू झालेल्या 13 शहरांत होतं, पण ही गाडी बाहेरच्या जिल्ह्यात पासिंग झालेली, म्हणून आधीच्या बीएस-3 नियमाची. मला तीच हवी होती. साधा डिझेल पंप, सेन्सरचं लफडं नाही, मेस्त्रीला लॅपटॉप लागत नाही.

भीती इंजिनाची होती. निळा धूर मारायची, ऑइल प्यायची. कमिन्सच्या या 5.9 लिटर इंजिनात लायनर (सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या) वेगळे नसतात, त्यामुळे ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. पंप, नोझल, हेड धरून 1 लाख 85 हजार. मेस्त्री बोलला तेवढ्यात आणि 18 दिवसांत काम झालं. तेव्हापासून इंजिनाची कटकट नाही.

रडवलं ते ट्रेलरने. विकणाऱ्याने नुकताच रंग मारून दिला होता, आणि मी त्या रंगावर भुललो. ग्राइंडर लावल्यावर मानेजवळ चेसिसला दोन्ही बाजूंनी चीर निघाली, आधी कुणीतरी वेल्डिंग करून झाकलेली. पट्टी मारून घेतली. मग कमानीचे बुश, ब्रेकचे ड्रम, ब्रेकचे लायनर, हवेचे पाइप, आणि झिजलेली किंगपिन, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणारी खुंटी. किंगपिन ढिली असली की प्रत्येक ब्रेकला ट्रेलर मागून धक्का देतो. मी आधी ते गिअरबॉक्सचं दुखणं समजत होतो. नुसत्या ट्रेलरचे 1 लाख 42 हजार झाले आणि अडीच महिने गेले. अर्धे दिवस वेल्डरची वाट बघण्यात. उसाचा सीझन सुरू, त्याच्याकडे कारखान्याच्या ट्रॉल्यांची रांग.

टायर 14. घोड्याचे सहा नवे, ट्रेलरचे आठ रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), मिळून 1 लाख 77 हजार. पुढच्या चाकांना रिमोल्ड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. क्लच, रेडिएटर, वायरिंग, रंग यांचे 71 हजार.

म्हणजे कामाचे 5 लाख 75 हजार. वर चार महिने गाडी उभी असताना भरलेले 24 हजारांचे हप्ते, म्हणजे 96 हजार. तो खर्च मी हिशोबात धरलाच नव्हता. आणि 8 वर्षांवरची गाडी, म्हणून आरटीओची फिटनेस पासिंग दरवर्षी.

आता होटगीहून सिमेंट भरून तुळजापूरमार्गे लातूरला जातो. भरल्या गाडीला लिटरला 3 किलोमीटर पडतं, कधी थोडं कमी. मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात पहिल्यांदा चढवली तेव्हा नजर रस्त्यापेक्षा टेंपरेचरच्या काट्यावरच जास्त होती. काटा मध्यावरून हलला नाही. केबिनमध्ये मात्र इंजिनाची झळ अशी येते की पाण्याची बाटली वरती पोहोचेपर्यंत चहाला लावावी.