घरी बनवलेली गाडी आणि फ्रीकॅड: १४ महिन्यांच्या वापरानंतर

मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स सीटच्या मागे बसवायचं, भोवती नळ्यांची स्वतःची फ्रेम बांधायची आणि दोन सीटची उघडी गाडी करायची, हे माझ्या डोक्यात डिप्लोमापासून होतं. गेल्या वर्षी हातात घेतलं. सगळं डिझाइन फ्रीकॅड या संगणकावर त्रिमितीय मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरवर केलं, घरच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. डिझाइन आणि बांधणी मिळून ११ महिने गेले आणि गेले ३ महिने गाडी आमच्या शेतात फिरते आहे. तासमीटरवर आज ४६ तास झालेत. आता लिहायला हरकत नाही, कारण मॉडेलमधलं काय टिकलं आणि काय नाही हे आता चाकाखाली कळलं आहे.

आधी कायद्याचं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती वाट कंपन्यांसाठी आहे, एका माणसाच्या एका गाडीला ती झेपणारी नाही. जुन्याच गाडीवर नवीन सांगाडा चढवून तिच्याच नंबरावर चालवू, असंही करता येत नाही. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. म्हणून मी जुन्या ८०० ची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द करून घेतली आणि मगच तिला हात लावला. आपल्या जमिनीवर, हेल्मेट आणि पट्टा लावून चालवायची गाडी, एवढीच तिची हद्द आहे.

फ्रीकॅड का? ते फुकट आहे, आणि फुकट म्हणजे वर्षभराने बंद पडणारं नव्हे. माझ्या फाइली माझ्याकडेच राहतात, इंटरनेट नसलं तरी उघडतात. २००२ पासून लोक ते मिळून बनवतायत, पण १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिच्यात सुटे भाग जोडायचा असेंब्ली वर्कबेंच (एकेका कामाच्या अवजारांचा संच म्हणजे वर्कबेंच) आतच मिळाला आणि मी तिथूनच सुरुवात केली.

सॉफ्टवेअरच्या आधी मोजणी. यावर मी १६ दिवस घालवले आणि तेच सगळ्यात सार्थकी लागले. उतरवलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट घरच्या पार्किंगच्या फरशीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, पाण्याच्या नळीने लेव्हल केलं आणि प्रत्येक माउंटिंगच्या भोकातून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक जिथे टेकलं तिथे खडूने फुली. मग फुल्यांमधली अंतरं टेपने, उंची हाइट गेजने. प्रत्येक माप दोनदा, दुसऱ्यांदा बाबांकडून. ते वाचायचे, मी लिहायचो. बाबांचं आणि माझं माप ज्या सहा ठिकाणी जुळलं नाही, तिथे चूक माझीच निघाली. इंजिन मॉडेलमध्ये हुबेहूब काढायची गरज नाही. मी चार ठोकळे काढले, पण माउंटिंगची भोकं आणि ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा, मध्य मात्र अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेमका धरला.

फ्रीकॅडमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्प्रेडशीट. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), रुंदी, सीटचा कोन, छताच्या कमानीची उंची, सगळी मापं मी एका तक्त्यात लिहिली आणि प्रत्येक रेखाटनाला तिथून माप जोडलं. मूळ व्हीलबेस २२०० मिमी धरला होता. मग बाबांना फळी आणि विटांवर मांडलेल्या खोट्या सीटवर बसवलं, समोर काठीला जुनं स्टिअरिंग बांधलं. बाबा ५ फूट ११ इंच. गुडघा स्टिअरिंगला लागत होता. तक्त्यात २२०० चं २२८० केलं आणि फ्रेम, तळपत्रा, केबलची लांबी, सगळं एका मिनिटात सरकलं. कागदावर हेच करायला मला आठवडा लागला असता आणि मी कंटाळून ‘चालतंय की’ म्हणून २२०० वरच थांबलो असतो.

पण त्याच दिवशी चार ब्रॅकेट भलतीकडे जाऊन बसले. पृष्ठभागाला धरून काढलेलं रेखाटन, मूळ भाग बदलला की दुसऱ्याच पृष्ठभागाला जाऊन चिकटतं, ही फ्रीकॅडची जुनी, सगळ्यांना माहीत असलेली अडचण. १.० मध्ये ती बरीच कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. त्यावर उपाय म्हणजे रेखाटन कधीच तयार भागाच्या पृष्ठभागावर काढायचं नाही, मूळ अक्षांच्या प्रतलावर किंवा आपण आखलेल्या स्वतंत्र प्रतलावर काढायचं. पहिले दोन महिने मी हे पाळलं नाही आणि निम्मी फ्रेम पुन्हा काढावी लागली. नव्याने शिकणाऱ्याने दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, हे पहिल्या दिवशी शिकावं. आणि रेखाटनाच्या सगळ्या रेषा हिरव्या होईपर्यंत, म्हणजे ते सगळीकडून बांधलं जाईपर्यंत, पुढे जाऊ नये.

मागच्या चाकांचा भाग जरा सविस्तर सांगतो. ८०० ची पुढची चाकं वळणारी असतात. इंजिनाबरोबर ती मागे नेली की त्यांचं स्टिअरिंग कायमचं बंद करावं लागतं, म्हणून जिथे टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडी, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला असतो, तिथे तो फ्रेमला पक्का बांधायचा. पण कुठे? हा बिंदू चुकला तर चाक खड्ड्यातून वर येताना थोडं वळतं, म्हणजे मागची चाकं आपल्या मनाने गाडी वळवतात. वेगात हे जिवावर बेतू शकतं. मी समोरून दिसणारं साधं रेखाटन काढलं: चाकाला धरणारी खालची आर्म, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) आणि टाय रॉड, तिघांच्या लांब्या बांधलेल्या, चाक मोकळं. मग चाक माउसने धरून वर-खाली ओढत बसलो. चाक ४० मिमी वर गेल्यावर टाय रॉडचं टोक आर्मपेक्षा किती आत किंवा बाहेर जातं ते बघायचं, फ्रेमवरचा बिंदू दोन-दोन मिमी सरकवायचा, परत ओढायचं. पहिल्या जागेपेक्षा १८ मिमी खाली फरक जवळपास नाहीसा झाला. गाडी बांधायच्या आधी चाक असं हातात धरून हलवता येणं, यासाठीच संगणक वापरावा असं मला मनापासून वाटतं.

फ्रेम २५ बाय २५ च्या, १.६ मिमी जाडीच्या ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून वेल्ड केलेल्या) चौकोनी नळीची. मीटरला साधारण १.१८ किलो. एकूण ६६ मीटर, म्हणजे ६ मीटरच्या ११ नळ्या, सुमारे ७८ किलो. छताची कमान मात्र गोल नळीची, जास्त जाडीची आणि एकाच अखंड नळीतून वाकवलेली. तिथे पैसे वाचवायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं.

ताकदीच्या हिशोबासाठी फ्रीकॅडचा एफईएम भाग वापरला, जो वस्तूचे बारीक तुकडे पाडून, म्हणजे जाळी करून, प्रत्येकावर येणारा ताण काढतो. गणित कॅल्क्युलिक्स नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो, फ्रीकॅड त्याला फक्त आकडे पुरवतं. पहिल्यांदा मी नळ्या जशा आहेत तशा घन रूपात दिल्या आणि लॅपटॉप रात्रभर घरघरत राहिला. १.६ मिमी पातळ भिंतीसाठी जाळी इतकी बारीक होते की साध्या मशीनला ती पेलत नाही. मग नळीच्या जागी नुसती रेषा आणि तिला छेदाचं माप, अशी बीमची पद्धत घेतली. उत्तर काही सेकंदांत आलं. पहिल्या फ्रेमचा पीळ सहन करायचा ताठरपणा आला ६१० न्यूटन मीटर प्रति अंश, म्हणजे फ्रेम एक अंश पिळायला इतका जोर लागतो. चौकोन कितीही जाड केला तरी तो तिरका होतोच, त्रिकोण होत नाही. इंजिनच्या खणात आणि दारांच्या जागी तिरक्या नळ्या टाकल्या, वजन वाढलं ५ किलो आणि आकडा गेला १७८० वर. हे लोखंड कापून करून बघायचं म्हटलं असतं तर तीन फ्रेम भंगारात गेल्या असत्या.

खरं काय ते बघायला फ्रेम तयार झाल्यावर मागचं टोक जमिनीत पुरलेल्या दोन खांबांना आवळलं, पुढचं टोक मधोमध एका गोल सळईवर टेकवलं आणि बाजूला १ मीटर लांब दांडा काढून त्याच्या टोकाला व्यायामशाळेतली ६० किलोची वजनं टांगली. मध्यापासून ६०० मिमीवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप. मॉडेलप्रमाणे गेजने ३.५ मिमीच्या जरा आत थांबायला हवं होतं. काटा ४.३ वर थांबला. म्हणजे खरा ताठरपणा १४३० च्या आसपास, मॉडेलपेक्षा एक पंचमांश कमी. रेषांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक जोड पूर्ण ताठ धरलेला असतो, आणि माझे खांबही थोडे हललेच असणार. मला हा आकडा आवडला, कारण तो हातात धरून मोजलेला आहे. आता मॉडेल काहीही सांगो, मी त्यातून वीस टक्के वजा करूनच विश्वास ठेवतो.

वेल्डिंग उद्यमनगरातल्या मामांनी केलं. वय साठीच्या पुढे, कोल्हापुरातल्या ऑइल इंजिनांच्या काळापासून हात बसलेला. मी ड्रॉइंगचे ए३ कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, इंजिनच्या खणाच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “भावा, ड्रॉइंग झ्याक आहे. पण ह्या बोल्टाला पाना कुठनं घालणार?”

मी लॅपटॉप उघडून फिरवून बघितलं. खरंच जागा नव्हती. बोल्ट बसत होता, फ्रेम बसत होती, पण १७ चा पाना आणि तो धरलेला हात बसत नव्हता. ऑइल फिल्टरचंही तेच, समोर तिरकी नळी. त्या रात्री मी मॉडेलमध्ये ९० मिमी व्यासाचा, २५० मिमी लांबीचा एक दंडगोल बनवला आणि त्याला नाव दिलं ‘हात’. प्रत्येक बोल्टजवळ तो नेऊन बसवून बघितला. नऊ ठिकाणी अडला. तिरकी नळी मग वेल्डऐवजी बोल्टाने बसणारी केली. हे मला कुठल्याही व्हिडिओत शिकायला मिळालं नव्हतं.

वेल्डने नळी ओढली जाते, हे माहीत असूनही मागचं एक ब्रॅकेट ३ मिमी सरकलं. तेच, १८ मिमी खाली नेऊन इतक्या प्रेमाने शोधलेलं. मामा म्हणाले, “आधी सगळी टाचणी, मग समोरासमोर थोडं थोडं.” टाचणी म्हणजे जागोजागी वेल्डचे नुसते ठिपके. पुढची बाजू तशी केली आणि ती १ मिमीच्या आत राहिली. सरकलेलं ब्रॅकेट कापून काढलं आणि नव्यात भोकाऐवजी उभी खाच ठेवली, वर-खाली करून बसवता येईल अशी. मोजून बांधलेल्या गाडीतही मोजून दुरुस्त करायची जागा ठेवायला हवी.

ब्रॅकेट शिरोलीच्या एमआयडीसीत लेझरवर कापून घेतली. फ्रीकॅडमधून डीएक्सएफ (लेझर मशीनला द्यायची सपाट रेखाटनाची फाइल) काढताना एककाची खात्री करा. माझी १०० मिमीची पट्टी तिथल्या पडद्यावर इंचात उघडली आणि ऑपरेटरने विचारलं, “साहेब, ही अडीच मीटरची हवीय का?” त्याने विचारलं म्हणून पत्रा वाचला. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर एक माप लिहिलेला कागद सोबत देतो. १० च्या बोल्टासाठी भोक १०.५ चं ठेवा. आणि वाकवायच्या भागांसाठी बेंडिंगवाल्याला आधी विचारा की त्याच्या डायवर ३ मिमी पत्रा किती लांबतो. तो आकडा शीट मेटल वर्कबेंचमध्ये घातल्यावर माझे भाग पहिल्यांदा नीट जुळले.

आता चालवल्यानंतरचं. वजन मॉडेलने ४५५ किलो सांगितलं होतं, काट्यावर ४८८ भरलं. वायरिंग, ऑइल, रंग, पाइप, नटबोल्ट हे मी धरलंच नव्हतं. पुढे-मागे वाटणी ४१:५९ अपेक्षित होती, ३९:६१ आली. त्यामुळे मागच्या ब्रेकचा जोर प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्हने ठरवल्यापेक्षा वेगळा लावावा लागला. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने लांब नळ्यांत हवा अडकून दुसऱ्याच दिवशी तापमान चढलं. नळ्यांचा उंच बिंदू मॉडेलमध्ये स्पष्ट दिसत होता, मी तो बघितला नाही. तिथे हवा काढायचा निपल बसवला आणि तो त्रास थांबला.

गंभीर गोष्ट दुसऱ्या महिन्यात दिसली. धुताना मागच्या उजव्या टाय रॉडच्या ब्रॅकेटवर, वेल्डच्या कडेला, केसासारखी बारीक रेघ. १२ मिमी लांब. नखाला लागत होती. एफईएममध्ये तो भाग निळा होता, म्हणजे निवांत. पण मी एकदाच लावलेला जोर तपासला होता, आणि ढेकळांत चाक मिनिटाला शंभर वेळा हलतं. थकून पडणारी भेग त्या हिशोबात येतच नाही. गाडी तिथेच उभी केली. ब्रॅकेट कापून नवीन केलं, दोन्ही बाजूंनी ४ मिमीचे त्रिकोणी पत्रे देऊन बंद पेटी केली, आणि सगळ्या सस्पेन्शनच्या वेल्डवर पांढरा रंग मारला, म्हणजे भेग लगेच काळी दिसेल.

ज्याला आठवड्यात गाडीचं चित्र हवं आहे त्याला फ्रीकॅड जड जाईल. एफईएमची बटणं कुठे काय ठेवलीत ते समजायला वेळ लागतो आणि शंभराच्या वर भाग झाले की असेंब्ली मंद होते. ज्याला प्रत्येक नळी तिथे का आहे हे कळून घ्यायचं आहे, त्याने बिनधास्त घ्यावं. मी पुढचं कामही त्यावरच करतो आहे: पुढच्या बाजूची ब्रॅकेटं, त्याच पेटीच्या पद्धतीने, भेग पडायची वाट न बघता. दर रविवारी बॅटरी आणि भिंग घेऊन बाबा पांढऱ्या वेल्डवरून फिरतात, मी वहीत तारीख लिहितो. सहा रविवार झाले, रंग पांढराच आहे.