फॉरमॅट न मारता संगणक दुरुस्त करून देणारे राजारामपुरीतील दुकान

सुरू होतानाच अडकणारा डेस्कटॉप दुरुस्तीला नेला की ‘विंडोज खराब झाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकावी लागेल, हे उत्तर बहुतेक ठिकाणी तयारच असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका गल्लीतील छोट्या दुकानात मला ते मिळाले नाही. तेथे आधी दोष शोधण्यात आला आणि मगच उपाय झाला, म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवत आहे.

माझ्या संगणकात विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर आहे आणि गुळाच्या अडत व्यवसायाचे जुने हिशेब १ टीबीच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. बटण दाबले की मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह पडद्यावर येई आणि सारे तेथेच थांबे. डिलीटचे बटण दाबूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रणालीत, जाता येत नसे. दुकानातील तंत्रज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, चिन्हाखाली गोल फिरणारे ठिपके दिसतात का? ते दिसू लागले म्हणजे बायोसने आपले काम उरकून सूत्रे विंडोजकडे सोपवलेली असतात. यंत्र त्याआधीच अडकत असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधत नाही. हा एक प्रश्नच मला त्यांच्या कामाची खात्री पटवून गेला.

पुढची तपासणी त्यांनी माझ्यासमोर केली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रिंटर, पेन ड्राइव्ह अशी यूएसबीवरील सर्व उपकरणे काढली, कारण बायोस सुरुवातीला त्यांचीही चौकशी करते. रॅमच्या पट्ट्या पुसून एकेक लावून पाहिल्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमट हवेत त्यांच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसण्याची शक्यता असतेच. पॉवर सप्लायचा १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ या मर्यादेत होता आणि बायोसची ३ व्होल्टची बॅटरीही ठीक होती. मग त्यांनी जुन्या हार्ड डिस्कची केबल काढली आणि संगणक लगेच सुरू झाला. नवी केबल लावून तीच डिस्क जोडली, तर पुन्हा अडकला. सुरू होताना बायोस प्रत्येक डिस्कला तिची ओळख विचारते. आतून निकामी होत चाललेली डिस्क वेळेत उत्तर देत नाही आणि विंडोज तिच्यावर नसली तरी संपूर्ण यंत्र तिच्यासाठी ताटकळते. डिस्क वेगळ्या यंत्राला जोडून तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहिली, तेव्हा वाचता न येणाऱ्या प्रलंबित सेक्टरांचा (माहिती साठवणाऱ्या छोट्या कप्प्यांचा) आकडा मोठा होता, तर केबलमधील चुका दाखवणारा सीआरसीचा आकडा शून्य होता. दोष डिस्कचाच होता.

येथे त्यांनी घेतलेला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा डिस्कवर चेकडिस्क ही विंडोजमधील डिस्क तपासण्याची आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु तशी चालवल्यास ती डिस्कवर बदल लिहिते आणि आधीच थकलेल्या यंत्रणेवर आणखी ताण टाकते. त्यांनी ती चालवली नाही. संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रत नव्या डिस्कवर घेतली, त्यातही सहज वाचता येणारा भाग आधी आणि अडणारा भाग शेवटी. हिशेब सुखरूप मिळाले. ज्या थोड्या फायली परत आल्या नाहीत त्यांची यादी त्यांनी न मागता दिली आणि जुनी डिस्कही माझ्या हाती परत ठेवली, कारण तिच्यावर माझीच माहिती होती. असा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

तपासणीचे शुल्क त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते आणि ते अंतिम बिलातून वळते केले. नव्या डिस्कची हमी कंपनीची आहे, दुकानाची नाही, हेही स्पष्ट केले.

दोन उणिवा मात्र आहेत. पहिली म्हणजे, दूरध्वनी क्वचितच उचलला जातो, त्यामुळे काम कोठवर आले हे विचारायला प्रत्यक्ष जावे लागते, आणि संध्याकाळी त्या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पावतीवर केवळ ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द असतो; स्मार्टचे आकडे, मोजलेले व्होल्टेज किंवा डिस्कचा अनुक्रमांक यांपैकी काहीच नसते. इतकी काळजीपूर्वक तपासणी करणाऱ्यांनी तिची लेखी नोंदही ग्राहकाला द्यायला हवी. तोपर्यंत तेथे जाणाऱ्यांनी ती मागून घ्यावी. मी मागितल्यावर त्यांनी पावतीच्या मागे सर्व लिहून दिले.