ओझर ते दिल्ली, जुन्या ए३२०ने: आठ महिन्यांनंतर

ऑफिसच्या कामासाठी आठ महिन्यांत नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीच्या अकरा फेऱ्या झाल्या. बहुतेक वेळा तेच जुनं एअरबस ए३२० आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. विमान ओळखायला सोपं आहे: पंखांच्या टोकांना वर वळलेले उंच शार्कलेट नाहीत, वर-खाली निमुळती छोटी पाती आहेत. शेपटीवर नव्या रंगाखालून आधीच्या कंपनीच्या अक्षरांच्या कडा दिसतात.

पहिल्या फेरीत मी घाबरले होते. विमान निघता निघता पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला. थांबला, परत आला. कोणी काही बोलेना.

पुढच्या वेळी अण्णा सोबत होते. ते एचएएल या विमान कारखान्यात हायड्रॉलिक्सला (तेलाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणारी यंत्रणा) होते, उमेदीची सगळी वर्षं मिग या लढाऊ विमानांवर गेली. आवाज आला तसा त्यांनी वाकून खाली कान दिला. "अगं, पीटीयू आहे तो, पॉवर ट्रान्सफर युनिट. हिरवी, निळी, पिवळी अशा तीन हायड्रॉलिक सिस्टिम असतात. एकच इंजिन चालू असलं की हिरवी-पिवळीपैकी एकीचा दाब पडतो, मग दुसरीच्या जोरावर तो भरून काढतात. नव्या ए३२०लाही हाच आवाज."

"पण विमान किती जुनं असेल?"

"वर्षं नको मोजूस, उड्डाणं मोज. दर खेपेला केबिनमध्ये हवेचा दाब चढतो, उतरतो, पत्रा तेवढा ताणला जातो." ए३२० मुळात ४८,००० उड्डाणांच्या हिशेबाने बनवलं होतं, पुढे चाचण्या करून मर्यादा ६०,०००वर नेली, हे मी नंतर वाचलं. १९८८ पासून प्रवासी नेणारं हे मॉडेल उगाच टिकलेलं नाही. माझी भीती तिथेच गेली.

राग येतो तो आतल्या हेळसांडीचा. माझ्या नेहमीच्या सीटवरचा वाचायचा दिवा तीन महिने बंद आहे. दोनदा लेखी तक्रार केली, दोन्ही वेळा "नोंद घेतली" एवढंच उत्तर. एप्रिलच्या दुपारी ओझरला दार बंद होईपर्यंत आत नुसतं उकडतं, लहान मुलं रडकुंडीला येतात. ज्यांनी इंजिन एवढं नीट राखलंय त्यांना एक दिवा जड का व्हावा?

बसायला मात्र ऐसपैस. बोइंग ७३७पेक्षा केबिन साधारण अर्धा फूट रुंद आहे, आणि ते खांद्यांना कळतं. वेळही बहुतेकदा पाळली.

आवाज नको असेल तर अगदी पुढच्या रांगा घ्या. मी पंखाजवळची खिडकीच घेते.