तुरुंग, कैद की नजरकैद? रत्नागिरीबद्दल लिहिताना

रत्नागिरीत पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्यांना किंवा शाळेच्या सहलीसाठी माहिती लिहिणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. ब्रह्मदेशाचा (आताच्या म्यानमारचा) थिबा राजा आणि सावरकर, दोघांसाठी 'तुरुंगात होते' लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यातून चुकीचा इतिहास मुलांच्या हाती जातो, आणि ते मला मनापासून खटकतं.

'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला असं मानतात. त्रोंको म्हणजे झाडाचा बुंधा. पुढे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड आणि मग बंदिखाना, असा त्याचा अर्थ सरकत गेला. आपल्याकडेही खोड आहे आणि पाय अडकवायचा खोडाही आहे! वसई, चौल आणि गोवा इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पाव, पगार, चावी हे शब्दही त्यांच्याचकडून आले. तुरुंग म्हटलं की भिंत, दार, कुलूप आलंच. ती जागा आहे.

'कैद' मूळ अरबी, अर्थ बंधन, बेडी. ही अवस्था आहे. माणूस किल्ल्यावर कैदेत असतो, तसा जहाजावरही.

आता थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याची गादी घेतली आणि 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं. 1910 मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. त्याच्यावर खटला चालला नाही, तो कोठडीतही नव्हता. पण मायदेशी परतायची मुभा त्याला कधीच मिळाली नाही. इथे 'तुरुंग' साफ चूक, 'कैद' चालेल पण ढोबळ. 'नजरकैद'च लिहा.

सावरकरांसाठी एका शब्दात भागत नाही. 1921 मध्ये अंदमानातून आणल्यावर त्यांना रत्नागिरीत कोठडीत ठेवलं होतं, तो तुरुंगवासच. 1924 मध्ये सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचं आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर, आणि हे बंधन 1937 पर्यंत टिकलं. त्याच काळात, 1931 मध्ये, इथलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. या वर्षांना काही जण नजरकैद म्हणतात. मी 'स्थानबद्धता' निवडेन, कारण अट मुळात राहण्याच्या ठिकाणाची होती.

'कारागृह' संस्कृत, सरकारी फलकावर शोभतं. गावात रस्ता सांगताना मात्र 'जेल' म्हणा, लगेच कळेल.